कवेलूंचा आधार : रीप, कामटी आणि आकडा

घराचे छप्पर पाहणाराची दृष्टी प्रथम कौलांवर जाते आणि बहुधा तेथेच थांबते. मातीचा तांबूस रंग, पाख्याचा उतार आणि आढ्याची सरळ रेघ एवढे न्याहाळून झाले म्हणजे छप्पर पाहून झाले, असे आपण समजतो. परंतु ज्या बारीक आडव्या पट्ट्यांवर ती कौले टेकलेली असतात, आणि ज्या तारेच्या अथवा धातूच्या आकड्यांनी ती त्या पट्ट्यांशी जखडलेली असतात किंवा असावयास हवीत, त्यांच्याकडे घरमालकाचे, गवंड्याचे आणि पुष्कळदा घराचे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याचेही लक्ष जात नाही. पाण्यापासून घराचे रक्षण कौल करते हे जितके खरे, तितकेच वाऱ्यापासून कौलाचे रक्षण रीप आणि आकडा करतात हेही खरे आहे. आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांत, जेथे कवेलूंची, म्हणजेच मातीच्या कौलांची, घरे एकामागून एक टिनाच्या पत्र्यांखाली जात आहेत, तेथे या उपेक्षित अवयवांचा सविस्तर विचार होणे अगत्याचे आहे.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. महसुली कारभार दोन झाले, परंतु दोहोंची माती, दोहोंचे अरण्य आणि दोहोंचा पाऊस यांत त्यामुळे फरक पडला नाही. वर्षाकाठी साधारणतः १२०० ते १५०० मिलिमीटर पाऊस, त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत. वैशाखात ४५ अंशांच्या वर जाणारे ऊन. आणि मृगाच्या आधी, दिवसभराच्या उकाड्यानंतर अकस्मात सुटणारे वादळी वारे, अशी येथील हवामानाची त्रिविध परीक्षा असते. या परीक्षेला उतरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जे छप्पर सिद्ध झाले, त्याची रचना वरवर साधी परंतु आतून विचारपूर्वक केलेली आहे. मध्यभागी उंचावर आढे, आढ्यापासून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरणारे सागाचे, ऐनाचे किंवा धावड्याचे वासे, त्या वाशांवर आडव्या बांधलेल्या बांबूच्या कामट्या, आणि त्या कामट्यांवर नळीचे कवेलू, असा तिचा क्रम. आढे आणि वासे भार पेलतात, कवेलू पाणी वाहून नेतात. या दोहोंच्या मधला दुवा कामटीचा, आणि तो तुटला की वर-खाली सर्व शाबूत असूनही छप्पर निकामी होते.

नळीचा कवेलू कसा घडतो हे पाहिले म्हणजे त्याचे गुण आणि त्याची उणीव ही दोन्ही एकदम ध्यानात येतात. कुंभार चाकावर मातीची एक पोकळ, एका टोकाला किंचित निमुळती नळी उभी करतो. ती अर्धवट वाळली म्हणजे तिच्यावर समोरासमोर दोन उभ्या चिरा देतो, आणि पुढे त्या चिरांवरून नळी दुभंगून तिचे दोन अर्धगोल कवेलू होतात. नंतर ते आव्यात भाजले जातात. छपरावर एक थर उताणा व त्यांच्या जोडांवर दुसरा थर पालथा अशी मांडणी केली की उताण्यांच्या पन्हळीतून पाणी वाहते आणि पालथे त्यांच्या कडा झाकतात. निमुळत्या आकारामुळे वरच्या कवेलूचे टोक खालच्यात सहज बसते. परंतु अशा कवेलूला पाठीमागे टेकण्यासाठी ना खुंटी असते, ना तार ओवण्यासाठी भोक. तो केवळ स्वतःच्या वजनाने, शेजाऱ्याच्या दाबाने आणि कामट्यांच्या खडबडीत पृष्ठभागाच्या पकडीने जागेवर राहतो. म्हणूनच अशा छपराचा उतार मर्यादित, साधारणतः तीस अंशांच्या आत ठेवावा लागतो, कामट्या अगदी जवळ जवळ घालाव्या लागतात, आणि इतके करूनही ऊन, वारा, मांजरे आणि विशेषतः वानरांच्या टोळ्या यांच्यामुळे दरसाल काही कवेलू सरकतात. पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरण्याची, म्हणजे ते पुन्हा नीट मांडण्याची, जी रीत या भागात पडली, तिचे मूळ या रचनेतच आहे: ज्याला यांत्रिक बंधन नाही, त्याला दरवर्षी मनुष्याचा हात लागणारच.

बंधनाचा हा प्रश्न ज्या कौलाने पहिल्यांदा तत्त्वतः सोडविला, ते मंगलोरी कौल. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील आल्टकिर्ख येथील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचे पेटंट घेतले. आणि त्याच धर्तीची कौले बासेल मिशनचे जर्मन धर्मोपदेशक जॉर्ज प्लेब्स्ट यांच्या खटपटीने १८६५ साली मंगळूरजवळच्या जेप्पू येथील कारखान्यात निघू लागली. तेथून ती सागरी व रेल्वेमार्गाने सर्व पश्चिम व मध्य भारतात पसरली. विदर्भातील शाळा, विश्रामगृहे, वनखात्याच्या वसाहती यांवर आजही ती आढळतात. या कौलाच्या उभ्या कडांना खाचा असतात, त्यामुळे शेजारची दोन कौले परस्परांत गुंततात. आणि त्याच्या पोटाशी, वरच्या अंगाला, दोन लहान उंचवटे असतात, जे रिपेच्या वरच्या कडेला अडकून कौलाला खाली घसरू देत नाहीत. पुष्कळ कौलांना याखेरीज तार ओवण्यासाठी एक छिद्रही ठेवलेले असते. या उंचवट्यांमुळे कामटीच्या ऐवजी रीप आली. म्हणजे जवळ जवळ घातलेल्या अनेक वेड्यावाकड्या पट्ट्यांच्या जागी ठराविक अंतरावरची, सरळ, चौकोनी छेदाची मोजकी लाकडी पट्टी आली, आणि छपराच्या कामात मापाला प्रथमच निर्णायक महत्त्व प्राप्त झाले.

रिपांमधील अंतर किती असावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु पुढे होणाऱ्या गळतीचे बीज पुष्कळदा येथेच पेरले जाते. मंगलोरी कौलांसाठी हे अंतर सामान्यतः ३२ सेंटिमीटरांच्या आसपास येते. तथापि कारखान्यागणिक आणि भट्टीगणिक कौल थोडे लहानमोठे होत असल्यामुळे पुस्तकातील संख्या प्रमाण मानण्याऐवजी प्रत्यक्ष कौलांवरून माप काढणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. जमिनीवर दहा-बारा कौलांची एक ओळ पालथी मांडावी. ती प्रथम एकमेकांत पूर्ण सरकवून आणि नंतर सुटू न देता जितकी ताणता येईल तितकी ताणून, अशी दोनदा मोजावी. माप पहिल्या कौलाच्या वरच्या कडेपासून शेवटच्या कौलाच्या वरच्या कडेपर्यंत घ्यावे, आणि दोन्ही मापांची सरासरी घेऊन तिला कौलांच्या संख्येहून एकाने कमी असलेल्या संख्येने भागावे. जे उत्तर येईल ते रिपांचे अंतर. अंतर याहून अधिक ठेवले तर कौलावरचा कौलाचा पदर अपुरा पडतो आणि तिरपा पाऊस आत शिरतो. कमी ठेवले तर कौले उचलली जातात व मध्ये फट राहते. वळचणीची पहिली रीप मात्र इतरांपेक्षा एका कौलाच्या जाडीइतकी उंच असावी लागते, कारण वरच्या प्रत्येक ओळीला खाली दुसऱ्या कौलाचा आधार मिळतो, पहिल्या ओळीला तो नसतो. ही उंची दिली नाही तर पहिली ओळ पुढे झुकते आणि वारा सर्वांत आधी तिलाच उचलतो. रिपेचा सांधा नेहमी वाशाच्या मध्यावरच यावा, लागोपाठच्या रिपांचे सांधे एकाच वाशावर येऊ नयेत, आणि रीप वाशात खिळ्याने पक्की बसलेली असावी. कारण कौल रिपेला जखडले परंतु रीप वाशाला जखडलेली नसेल तर आकड्याचा सगळा खटाटोप व्यर्थ होतो.

येथे वाऱ्याचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. वारा छप्पर दाबतो अशी सामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात सौम्य उताराच्या छपरावरून वाहणारा वारा बहुतेक ठिकाणी त्याला वर ओढतो, कारण आढ्यावरून आणि कडांवरून वळताना त्याचा वेग वाढतो व तेथील हवेचा दाब घटतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. भारतीय मानकांप्रमाणे सेकंदाला मीटरमधील वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले म्हणजे चौरस मीटरमागचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाच्या झोताला हा दाब सुमारे ३७५ न्यूटन, अर्थात ३८ किलो वजनाइतका येतो. मंगलोरी कौलांच्या एका चौरस मीटरमध्ये साधारण १५ कौले मावतात व त्यांचे वजन ३५ किलोच्या आसपास भरते. म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या झोतातच वाऱ्याची ओढ आणि कौलाचे वजन समसमान होऊ लागतात. नागपूरसाठी मानकाने धरलेला मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, आणि त्या वेगाला हाच दाब ११६० न्यूटनांवर, म्हणजे सुमारे ११८ किलोवर जातो. ही तुलना मनात ठेवली म्हणजे केवळ वजनावर विसंबलेले कौल मोठ्या वादळात का उडते हे उघड होते.

तरीही सर्व कौले उडत नाहीत, आणि याचे कारण कौलारू छपराच्या एका गुणात आहे. कौलांच्या सांध्यांतून हवा आत-बाहेर करते. त्यामुळे वरचा आणि खालचा दाब काही अंशी समान होतो आणि प्रत्यक्ष कौलाच्या वाट्याला येणारी ओढ हिशेबापेक्षा कमी राहते. टिनाच्या अखंड पत्र्याला ही सवलत नाही. त्याच्यावर संपूर्ण ओढ पडते, आणि खिळे सुटले की तो सबंधच्या सबंध उडून दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. कौल उडाले तर दोन-चार ओळींची हानी होते, पत्रा उडाला तर घर उघडे पडते. परंतु छपराच्या काही जागा अशा आहेत की तेथे कौलांचीही ही सवलत पुरी पडत नाही: वळचण, आढे, आणि त्रिकोणी भिंतीवरची पाख्याची कडा. त्यातही सपरीचे, म्हणजे पडवीचे, छप्पर अधिक धोक्याचे, कारण ती तीन बाजूंनी उघडी असल्यामुळे वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, व दोन्ही जोर एकाच दिशेने कौलावर पडतात. एक ओळ गेली की तिच्या आधाराने राहिलेली वरची ओळ सुटी होते, आणि मग नुकसानीचा विस्तार वाऱ्यापेक्षा मोकळ्या झालेल्या कडेमुळे अधिक होतो. वादळानंतर तलाठी पंचनाम्यासाठी येतो तेव्हा नुकसानीचा आरंभ पुष्कळदा याच जागी झालेला दिसतो.

म्हणून आकड्यांचा उपयोग प्रथम याच जागी करावा. आकडा म्हणजे जाड तार किंवा धातूची पट्टी वाकवून केलेली एक साधी वस्तू. तिचे एक टोक कौलाच्या कडेला किंवा खाचेला धरते आणि दुसरे रिपेला खिळ्याने अथवा वळसा देऊन जखडले जाते. वळचणीच्या कौलाला खालच्या कडेवरून धरणारा आकडा लागतो, पाख्याच्या बाजूच्या कौलाला कडेचा, आणि मधल्या कौलांना शेजारच्या खाचेत दडणारा. जेथे कौलाला छिद्र आहे तेथे जस्त चढविलेली तार ओवून रिपेखाली दोनदा पिळली तरी काम भागते. ब्रिटनमध्ये २०१४ साली सुधारलेल्या छपरांच्या मानकाने, एका कौलावर एकाच कौलाचा पदर असणाऱ्या छपरांत प्रत्येक कौल खिळ्याने अथवा आकड्याने जखडणे आवश्यक ठरविले, आणि आढ्याची कौले केवळ चुन्या-सिमेंटच्या भरवशावर बसविण्याची जुनी रीत अपुरी मानली. हा धडा आपल्याकडेही लागू पडतो. कारण आढ्यावर सिमेंटचा थर दिला की काम झाले असे आपण समजतो, पण लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते-आकसते, सिमेंट तसे करीत नाही, आणि काही वर्षांत आढ्याचे कौल तडकलेल्या सिमेंटवर नुसते बसलेले राहते.

डोंगराळ मुलखात दगडी पाट्यांची छपरे असतात. हिमाचलातील कांगड्याची घरे त्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथेही प्रश्न तोच आहे: पातळ, गुळगुळीत पाटी स्वतःच्या वजनाने राहत नाही, म्हणून तिला भोके पाडून खिळ्यांनी रिपेला ठोकतात, किंवा खालच्या कडेला धरणाऱ्या तारेच्या आकड्याने पेलतात. युरोपात या खिळ्यांसाठी तांबे वापरण्याची प्रथा पडली, कारण चांगली पाटी शतकभर टिकते परंतु लोखंडी खिळा त्याआधीच गंजून जातो. छपराचे आयुष्य त्याच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकेच असते. साध्या लोखंडी तारेने बांधलेले उत्तम कौल हे त्या तारेच्या आयुष्यापुरतेच पक्के असते. आपल्या पावसात निदान जस्त चढविलेली, शक्य तर न गंजणाऱ्या पोलादाची तार घेणे ही उधळपट्टी नव्हे.

आता लाकडाचा विचार. या भागात सागवानाची कीर्ती मोठी. आलापल्लीच्या सागाला दूरवर मागणी आहे. परंतु सामान्य कास्तकाराच्या घराला सागाची रीप परवडत नाही, आणि परवडली तरी तिची गरज नाही. येथील खरा रिपेचा माल म्हणजे बांबू, विशेषतः भरीव असा मानवेल. तो सरळ उभा चिरला तर त्याच्या पट्ट्या लवचिक आणि बळकट निघतात. त्याचे शत्रू दोन: ओल आणि भुंगा. बांबूतील पिष्टमय पदार्थ हे भुंग्याचे अन्न. म्हणून हिवाळ्यात, हे पदार्थ कमी असताना, पक्व बांबू तोडणे आणि काही आठवडे तो तलावाच्या पाण्यात बुडवून ठेवणे या जुन्या रीतींना भक्कम कारण आहे. याहून खात्रीचा उपाय म्हणजे बोरिक आम्ल व टाकणखार एकास दीड या प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यात चिरलेल्या पट्ट्या काही दिवस बुडवून ठेवणे आणि नंतर सावलीत वाळविणे. हे क्षार पाण्याने धुऊन जातात, यासाठी सतत भिजणाऱ्या वळचणीच्या ओळीत मात्र लाकडाची किंवा अन्य प्रक्रिया केलेली रीप वापरावी. बांबूत थेट खिळा ठोकला तर तो चिरतो. आधी भोक पाडूनच खिळा घालावा, नाहीतर तारेने बांधावा. पूर्वी पळसाच्या मुळांच्या आणि अंबाडीच्या दोऱ्यांनी ही बांधणी होई. त्या स्वस्त आणि चिवट असल्या तरी तारेइतक्या टिकत नाहीत. चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि भद्रावती येथे मातीकामासाठी प्रसिद्ध असलेला ग्रामोदय संघ आहे. म्हणजे पट्टी आणि कौल या दोहोंचे ज्ञान या भूमीतच उपलब्ध आहे.

या संदर्भात एका बदलाकडे लक्ष वेधणे इष्ट वाटते. चुलीचा धूर पिढ्यान्‌पिढ्या छपराच्या आतल्या बाजूला साचत असे. त्याच्या काजळीने आणि उबेने कामट्या कोरड्या राहत व कीटक त्यांपासून दूर राहत. आता गॅस आला, स्वयंपाकघर वेगळे झाले, आणि घरातील बायकांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना त्यामुळे मोठा आराम मिळाला. परंतु ज्या अदृश्य प्रक्रियेवर कामट्या टिकत होत्या ती थांबली. म्हणून धुराचे काम आता जाणीवपूर्वक केलेल्या प्रक्रियेने करावयास हवे. दुसरा बदल प्लास्टिकचा. गळती थांबावी म्हणून पुष्कळ ठिकाणी कौलांखाली प्लास्टिक अंथरले जाते. त्यावर साचलेले पाणी रिपेशी अडते आणि रीप सडते. प्लास्टिक घालावयाचेच असेल तर त्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पातळ पट्ट्या ठोकून मग त्यांवर आडव्या रिपा घालाव्यात, म्हणजे पाणी रिपांखालून वळचणीपर्यंत निर्वेध वाहून जाईल आणि हवाही खेळती राहील.

छपराचा हा विचार केवळ कारागिरीचा नाही, तो हक्काचाही आहे. मालगुजारीच्या काळापासून या मुलखातील रयतेला घर व शेतीच्या गरजांसाठी जंगलातून लाकूड व बांबू घेण्याचे निस्तार हक्क होते, आणि गावोगावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदलेल्या असत; महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना स्थान आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला सामूहिक हक्क म्हणून मान्यता दिली व बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. आणि गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाच्या ग्रामसभेला २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले, ही घटना देशभर गाजली. ज्या ग्रामसभांना हे हक्क प्राप्त झाले आहेत त्यांनी बांबू केवळ विकण्याचा माल न मानता आपल्या गावाच्या छपरांसाठी त्याचा काही हिस्सा राखून ठेवला, प्रक्रियेची एक सामाईक टाकी बांधली आणि दोन-चार तरुणांना रिपा बसविण्याचे माप शिकविले, तर मोठ्या निधीशिवायही पुष्कळ साध्य होईल.

कवेलूचे घर मागासलेपणाचे लक्षण आहे ही समजूत निराधार आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मातीचे कौल पत्र्यापेक्षा घर निश्चितपणे थंड ठेवते, फुटले तर एकटे बदलता येते, आणि त्याची माती व बांबू गावाच्या शिवेतच मिळतात. त्याची खरी उणीव बंधनाची आहे, आणि ती भरून काढण्याची साधने सोपी आहेत: मोजून लावलेली सरळ रीप, प्रक्रिया केलेला बांबू, न गंजणारी तार, आणि वळचण, आढे व कडा येथे न चुकता बसविलेले आकडे. घरकुलाचे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि गवंड्यांनी या चार बाबींसाठी स्वतंत्र रकाना राखावा. छपरावर होणाऱ्या एकूण खर्चात त्यांचा वाटा अल्प असतो, आणि वादळात घर राखण्याचे काम मात्र बव्हंशी त्याच करतात.